व्हिडिओ पाहिला, शब्द किती उरले?

भगिनींनो, दुपारची कामे आटोपली, जोहरची नमाज झाली, मुले अजून शाळेतून यायची आहेत, अशा वेळी मोबाईलवर इंग्रजी शिकवणारे व्हिडिओ पाहणाऱ्या आया आज प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. 'स्वयंपाकघरातले पन्नास शब्द', 'रोजच्या बोलण्यातली शंभर वाक्ये' अशी या व्हिडिओंची नावे असतात. चित्र समोर येते, शब्द ऐकू येतो, खाली हिंदीत अर्थ येतो. दहा मिनिटांत पन्नास शब्द! पाहताना प्रत्येक शब्द कळतो, आणि कळला म्हणजे आला असे वाटते. दुसऱ्या दिवशी आठवायला बसले की पाच-सात शब्दच हाती लागतात. मग पुढचा व्हिडिओ लावला जातो.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, इंग्रजी नव्हे. तरी पालकसभा संपल्यावर ज्या आया मागे थांबतात, त्या बहुधा इंग्रजीचीच गोष्ट काढतात. "टीचर, इतके व्हिडिओ पाहिले, पण वेळेवर तोंडातून निघत नाही." या महिन्यात याच तक्रारीविषयी बोलू.

सर्वात आधी मनातली लाज बाजूला ठेवा. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० सालच्या जूनमध्ये सुरू झाले. त्याआधी माध्यम मराठी असो की उर्दू, इंग्रजीची गाठ पाचवीत पडत असे. आज ज्यांची मुले सातवी-आठवीत आहेत, अशा कितीतरी आया त्या काळात शिकल्या. त्यातही जिची शाळा आठवी-नववीत सुटली, तिच्या वाट्याला चार-पाच वर्षांचेच इंग्रजी आले, आणि तेही वाचून अर्थ लिहिण्याचे, बोलण्याचे नव्हे. मूल पहिलीपासून इंग्रजी ऐकते म्हणून ते आईपेक्षा हुशार ठरत नाही. त्याला चार वर्षे आधी सुरुवात मिळाली, एवढेच.

दुसरी भीती शब्दांच्या संख्येची. 'पाच हजार शब्द शिका' असे कुणी म्हटले की छातीत धडकी भरते. पण रोजच्या व्यवहाराला इतके शब्द लागत नाहीत. सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' मांडले, ते अवघ्या ८५० शब्दांचे होते. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करत. परक्या भाषेची पुस्तके वाचताना मुले कुठे अडतात, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. १९५३ साली त्यांनी सर्वात जास्त उपयोगाच्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओने १९५९ पासून नवशिक्यांसाठी सावकाश वाचलेल्या बातम्या सुरू केल्या, त्यांचा शब्दसाठा सुमारे १,५०० होता. म्हणजे दीड-दोन हजार शब्दांत माणसाचे बरेच काही भागते. त्यातले गॅस, कुकर, फ्रिज, मिक्सर, बॅग, टेबल, टाइम, बिल, तिकीट असे शेकडो शब्द आपण रोज बोलतोच.

मग अडते कुठे? पाहणे हे काम व्हिडिओ करतो. आठवणे हे आपले काम आहे, आणि तेच राहून जाते. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेली गोष्ट पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वात वेगाने विसरली जाते. जे ठरावीक अंतराने पुन्हा आठवले जाते, तेच टिकते.

ही गोष्ट आपल्या घरांना नवीन नाही. मोहल्ल्यातल्या मदरशात हिफ्ज करणारे मूल पाहा. ते रोज नवा सबक घेते. मुसहफ बंद करून तो उस्तादांना ऐकवते. शिवाय गेल्या काही दिवसांचा भाग फिरवते, आणि जुने पारे आमोख्ता म्हणून वेगळे ऐकवते. नुसते पाहून किंवा ऐकून कुणी हाफिज झालेला नाही. अल्लाहच्या कलामाची जागा वेगळी आहे, त्याच्याशी कशाचीच बरोबरी नाही. पण पाठ करण्याची ही जी रीत आपल्या बुजुर्गांनी घालून दिली आहे, ती कोणत्याही भाषेच्या शब्दांना लागू पडते. थोडे घ्या, बंद करून ऐकवा, आणि जुने सोडू नका.

म्हणून व्हिडिओ पाहण्याची पद्धत बदला. पन्नास शब्दांच्या व्हिडिओतून फक्त दहा घ्या. पाहून झाला की मोबाईल उलटा ठेवा आणि ते दहा मोठ्याने म्हणा. जे आठवले नाहीत तेवढ्यासाठीच पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने तेच दहा शब्द न पाहता म्हणा. एक वही ठेवा. डाव्या बाजूला आपला शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी शब्द लिहा आणि उजवी बाजू हाताने झाकून वाचा. आठवड्याला दहा म्हणजे वर्षाला पाचशे शब्द होतात. जे व्हिडिओ महिन्याभरात फाडफाड इंग्रजीचे वचन देतात आणि मग हजारोंची फी सांगतात, त्यांच्यापेक्षा ही वही खात्रीची.

शब्द कोणते निवडावेत? बहुतेक व्हिडिओ फळे, भाज्या, भांडी यांची नावे शिकवतात, कारण त्यांची चित्रे दाखवणे सोपे असते. पण नावांनी वाक्य पुढे सरकत नाही, ते क्रियापदाने सरकते. 'कुकर' सगळ्यांना येते, 'भिजवणे' येत नाही. म्हणून सुरुवात क्रियापदांनी करा. डाळ भिजवणे म्हणजे 'सोक'. बटाटा सोलणे 'पील'. कणीक मळणे 'नीड'. तांदूळ विसळणे 'रिन्स'. कालवण ढवळणे 'स्टर'. खोबरे किसणे 'ग्रेट'. पीठ चाळणे 'सिफ्ट'. पाणी काढून टाकणे 'ड्रेन'. कपडा पिळणे 'रिंग'. घडी घालणे 'फोल्ड'. आणि शब्द एकटा पाठ करू नका, हाताने काम करता करता वाक्यात बोला. डाळीवर पाणी ओतताना म्हणा, 'आय सोक द डाळ ॲट नाइट.' डाळीला डाळच म्हटले तरी काही बिघडत नाही. हात, जीभ आणि शब्द एकत्र आले की विसरायला वेळ लागतो.

इंग्रजी ही कुणा परक्याचीच जहागीर आहे असेही समजू नका. तिच्या घरात आपलेही बरेच सामान आहे. मराठी मुंगसाचे त्यांनी 'मंगूस' केले. आपली खाट त्यांची 'कॉट' झाली, चंपीतून 'शॅम्पू' आला, पाजाम्याचा 'पजामाज' झाला. मुंबईच्या डोंगरीचे नाव तर एका जाड्याभरड्या कापडाला मिळाले आणि त्या कापडाच्या कपड्यांना इंग्रज 'डंगरीज' म्हणू लागले. 'कॉटन'च्या मुळाशी अरबी 'कुत्न' आहे. 'सोफा' ज्या शब्दातून निघाला, तो 'सुफ्फा' या महिन्यागणिक अंक वाचणाऱ्यांना वेगळा सांगायला नको. ज्या भाषेने आपल्याकडून इतके उचलले, तिच्याकडून आपण दोन हजार शब्द घेतले तर त्यात संकोच कसला?

व्हिडिओचा खरा फायदा कानाला आहे. पुस्तकातून उच्चार कळत नाही, कारण इंग्रजीत लिहितात एक आणि बोलतात दुसरे. प्लंबरला ते 'प्लमर' म्हणतात, पावतीच्या 'रिसीट'मधला प बोलत नाहीत, इस्त्रीला 'आयरन' नव्हे तर 'आयर्न' म्हणतात. उर्दू बोलणाऱ्या घरांत 'इस्कूल', 'इस्टेशन' असा इ पुढे लागतो. त्यासाठी मराठीचा आधार घ्या. 'स्नान', 'स्थान', 'स्पर्श' म्हणता येत असेल तर 'स्कूल' आणि 'स्टेशन'ही म्हणता येईल. उलट 'झू' आणि 'झिप' यांतला आवाज उर्दूच्या 'जमीन', 'जिंदगी'मुळे आपल्या जिभेवर आधीच बसलेला आहे. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, हा फरक मराठी लिपी 'व्ह' आणि 'व' लिहून दाखवतेच. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लावा, दुसऱ्याला ओठ गोल करा. दोन भाषा येणाऱ्या बाईची तिसरीसाठी अर्धी तयारी झालेली असते.

यूट्यूबवर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये वेग कमी करता येतो. तिथे ०.७५ निवडले की बोलणे पाऊणपट वेगाने ऐकू येते. खालची अक्षरे हिंदीऐवजी इंग्रजीत लावा, म्हणजे कानावर पडलेला शब्द कसा लिहितात हेही दिसेल. ज्यांचे दहावीपर्यंत शिक्षण झाले आहे त्यांनी 'बीबीसी लर्निंग इंग्लिश' पाहावे. बीबीसी १९४३ पासून रेडिओवर इंग्रजीचे धडे देत आली आहे, आता ते व्हिडिओतही मिळतात. त्यांचे 'इंग्लिश इन अ मिनिट' हे छोटे भाग मोफत आहेत आणि एका भागात एकच गोष्ट शिकवतात.

एक सावधगिरी मात्र ठेवा. व्हिडिओ अमेरिकेचा आहे की इंग्लंडचा, हे पाहून घ्या. वांग्याला आपल्याकडे 'ब्रिंजल' म्हणतात, इंग्लंडमध्ये 'ओबर्जीन', अमेरिकेत 'एगप्लांट'. भेंडी आपल्याला 'लेडीज फिंगर', त्यांना 'ओक्रा'. कोथिंबीर 'कोरिअँडर', अमेरिकेत 'सिलँट्रो'. टॉर्चला अमेरिकन 'फ्लॅशलाइट' म्हणतात. आणि 'हॉटेल'मध्ये आपण चहा प्यायला जातो, ते लोक मुक्कामाला जातात. मुलाने शाळेतून 'ब्रिंजल' आणले आणि आईने व्हिडिओतून 'एगप्लांट', तर दोघांपैकी कुणीच चुकलेले नसते. वहीत दोन्ही लिहा, पण आधी तो शब्द पाठ करा जो आपल्या बाजारात आणि मुलाच्या पुस्तकात चालतो.

आता सर्वात महत्त्वाचे. स्वयंपाकघरातले शब्द सरावासाठी चांगले, पण जिथे शब्द न कळल्याने नुकसान होते ती ठिकाणे वेगळी आहेत. औषधाची पट्टी घ्या. तिच्यावर 'एक्स्पायरी' म्हणजे कुठपर्यंत वापरायचे ती मुदत, 'डोस' म्हणजे एका वेळचे प्रमाण. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'ओडी' लिहिले असेल तर दिवसातून एकदा, 'बीडी' म्हणजे दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा, 'एचएस' म्हणजे झोपताना, 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. 'बिफोर फूड' जेवणाआधी, 'आफ्टर फूड' जेवणानंतर. तरी शंका असेल तेव्हा अंदाज करू नका, औषधवाल्याला विचारा. बँकेत 'डिपॉझिट' म्हणजे भरणे आणि 'विड्रॉल' म्हणजे काढणे. 'नॉमिनी' म्हणजे खातेदाराच्या पश्चात रक्कम कुणाच्या हाती द्यायची त्याचे नाव. 'जॉइंट अकाउंट' म्हणजे दोघांचे खाते. मुलाच्या शाळेच्या डायरीत 'ॲबसेंट', 'रिमार्क', 'ड्यू' म्हणजे बाकी राहिलेली फी, आणि 'पेरेंट्स सिग्नेचर' म्हणजे पालकांची सही. हे पंधरा-वीस शब्द जिला येतात, तिला सही करण्यापूर्वी कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. आमच्या मते इंग्रजी शिकण्याचे मोल इथे आहे. चारचौघांत रुबाब दाखवण्यापेक्षा आपल्या हातातला कागद आपल्याला कळणे मोठे.

शेवटी मुलांविषयी. आईचा उच्चार चुकला की मुले हसतात, आणि आई त्या दिवसापासून बोलणे सोडते. अब्बांनी आणि दादा-दादींनी हे हसणे तिथेच थांबवावे. त्यापेक्षा मुलालाच आईचा सबक ऐकून घेण्याचे काम द्या. मगरिबनंतर दहा मिनिटे वही मुलाच्या हाती द्यावी. त्याने मराठी किंवा उर्दू शब्द विचारावा आणि अम्मीने इंग्रजी सांगावा. नंतर अदलाबदल करावी, त्याला उर्दू-मराठीचे दहा शब्द अम्मीने विचारावेत. मूल शिकवताना स्वतःही पक्के होते, आणि आपल्या भाषांतही अम्मीकडून घेण्यासारखे खूप आहे हे त्याला कळते. घरातल्या तान्ह्याला मात्र 'इंग्रजी शिकेल' म्हणून मोबाईल देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की एक वर्षाच्या मुलासाठी स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाच्या वर नको.

तर या आठवड्याचा सबक वर दिलेलाच आहे. सोक, पील, नीड, रिन्स, स्टर, ग्रेट, सिफ्ट, ड्रेन, रिंग, फोल्ड. अंक मिटवा आणि दहाही अर्थासह म्हणून पाहा. जे अडले त्यांच्यावर पेन्सिलने खूण करा आणि उद्या त्यांच्यापासूनच सुरुवात करा.