ओढणी बांधून उडता येतं का?

गेल्या महिन्यातली गोष्ट. जेवणाची सुट्टी झाली होती आणि मी वर्गात वह्या तपासत बसले होते. तेवढ्यात दुसरीतल्या दोघी धापा टाकत आल्या.

“बाई, चला लवकर! चौथीतला एक पोरगा टाकीवर चढलाय. उडतो म्हणायलाय!”

पेनचं टोपणसुद्धा न लावता मी धावले. आमच्या शाळेमागं पाण्याची सिमेंटची टाकी आहे. माझ्या डोक्यापेक्षा चांगली हातभर उंच. तिच्यावर आमचे हे वीर उभे! गळ्यात आईची लाल ओढणी बांधलेली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताची मूठ आभाळाकडं. खाली वीस-पंचवीस पोरं टाळ्या वाजवत “उड! उड!” असं ओरडत होती.

मी मात्र ओरडले नाही. ओरडले असते तर तो दचकून पडला असता. हळूच विचारलं, “उडशील रे बाबा, पण उतरायचं कसं, ते ठरवलंस का?”

तो विचारात पडला. हे काही ठरवलेलं नव्हतं! तो विचार करत होता तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी मागून शिडीवर चढल्या आणि त्याला अलगद खाली घेऊन आल्या.

त्याचं नाव मी सांगणार नाही. हा अंक आमच्या शाळेत येतो आणि तो पहिल्या पानापासून वाचतो.

मी त्याला फार रागावले का? खरं सांगू, नाही. कारण माझ्या डाव्या कोपरावर एक जुनी खूण आहे. मी तुमच्याएवढी होते तेव्हा दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागायचा. १९९७ च्या सप्टेंबरात तो सुरू झाला आणि २००५ पर्यंत चालला. गावात दोन-तीन घरीच टीव्ही. ऐन वेळी लाइट गेली की आम्ही रडायच्या बेतात! साधाभोळा, चष्मा लावणारा गंगाधर गोल गोल फिरायचा आणि त्याचा शक्तिमान व्हायचा. एके दिवशी मीही आजीचं जुनं लुगडं पाठीला बांधलं, कडब्याच्या गंजीवर चढले, गोल गोल फिरले आणि... पुढचं तुम्हाला कळलंच असेल. शक्तिमान काही झाले नाही. कोपर मात्र महिनाभर गळ्यात बांधून फिरले.

अशा उड्या मारणारी मी एकटी नव्हते बरं का! मुलं शक्तिमानची नक्कल करतात आणि जखमी होतात, अशा बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत येत. शक्तिमानचं काम करणाऱ्या मुकेश खन्ना यांना शेवटी कार्यक्रमातूनच मुलांना समजावून सांगावं लागलं, की बाळांनो, हे असलं काही करू नका.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुस्तक मिटून ठेवलं आणि म्हटलं, “चला, आज महावीरांच्या गप्पा मारू.” मग काय विचारता! सुपरमॅन, स्पायडरमॅन, क्रिश, नागराज, सगळ्यांची नावं फळ्यावर दाटीवाटीनं येऊन बसली.

या मंडळींचा इतिहास मोठा गमतीचा आहे. सुपरमॅन प्रथम आला १९३८ साली, अमेरिकेतल्या एका कॉमिकमध्ये. त्याची गोष्ट लिहिली जेरी सीगल यांनी आणि चित्रं काढली जो शुस्टर यांनी. आणि ऐका, त्या वेळी सुपरमॅनला उडताच येत नव्हतं! तो नुसत्या लांबच लांब उड्या मारायचा. उडायला लागला तो पुढं काही वर्षांनी, गोष्ट रचणाऱ्यांनी ठरवलं तेव्हा. कागदावर काय, पेन्सिल नेईल तिकडं माणूस जातो!

तुमच्या आजोबांना ‘वेताळ’ आठवतो का, विचारा बरं. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं. ते मराठीतही निघायचं. ली फॉक यांचा ‘फँटम’ त्यात वेताळ होऊन आला. लोकांना वाटायचं, हा शेकडो वर्षं जिवंत आहे, याला मरणच नाही. खरी गोष्ट अशी, की बाप गेला की मुलगा तोच पोशाख अंगावर चढवायचा. अशी त्यांची एकविसावी पिढी चालू होती. म्हणजे जादूबिदू काही नाही, घराण्याचं काम!

आणि आपला फास्टर फेणे? भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे. अंगानं किडकिडीत. ना पंख, ना मुखवटा. त्याच्याकडं सायकल आणि तरतरीत डोकं. तरीही मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्या त्याच्यावर फिदा. २०१७ साली त्याच्यावर चित्रपटही आला.

हल्लीच्या चित्रपटांतले महावीर मात्र दिवसेंदिवस दांडगे होत चालले आहेत. दहाव्या मजल्यावरून पडतात, धूळ झटकून उभे राहतात. पुलावरून कोसळणारी बस एका हातानं झेलतात, आतली सगळी माणसं सुखरूप. आणि खालची माणसं काय करतात? माना वर करून बघतात, बोटं दाखवतात, शेवटी टाळ्या वाजवतात.

हे सांगत होते तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. “बाई, त्या माणसांना काहीच काम नसतंय का?”

वा! मला हा प्रश्न इतका आवडला, की मी तो फळ्यावर लिहून ठेवला.

मग आम्ही उडण्याचं गुपित उघडं केलं. चित्रपटात उडणाऱ्या माणसाच्या कपड्याआड पट्टे आवळलेले असतात. त्यांना बारीक पण मजबूत तारा लावून त्याला वर टांगतात. मागं एकरंगी पडदा असतो. तो काढून तिथं आभाळ बसवतात आणि तारा संगणकावर पुसून टाकतात. २००६ च्या ‘क्रिश’साठी हे तारांवरचं काम शिकवायला हाँगकाँगहून जाणकार बोलावले होते. दहा सेकंदांच्या एका उडीमागं किती माणसांचा घाम असतो बघा!

१९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह असाच टांगून उडाला होता. पुढं १९९५ साली तो घोड्यावरून पडला. मानेला मार लागला आणि मानेखालचं सगळं अंग लुळं पडलं. त्यानंतर चाकाच्या खुर्चीत बसून, तशाच रुग्णांवर उपचार शोधले जावेत म्हणून तो झटत राहिला, २००४ साली जग सोडून जाईपर्यंत. त्याचा पराक्रम कोणता, तारांवरचा की खुर्चीतला? तुम्हीच ठरवा.

आता आमचा प्रयोग. तुम्हीही करून बघा, यात पडायची भीती नाही. व्हरांड्याच्या फरशीवर मुलांनी खडूनं ढग काढले, दोन-चार पक्षी काढले, खाली लहान लहान घरं काढली. आमच्या वीराला त्या ढगांत पालथं झोपवलं. एक मूठ पुढं. लाल ओढणी पाठीवरून मागं पसरून दिली, जणू वाऱ्यावर फडफडतेय. मी खुर्चीवर उभी राहून मोबाइलवर वरून फोटो काढला. फोटोत पोरगा गावावरून उडतोय!

तो किती तरी वेळ फोटो बघत राहिला. मग म्हणाला, “म्हंजी बाई, त्यो बी असाच पालथा पडलेला असतोय व्हय?”

सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, “शाबास! आता सांगा, फोटोत काय काय आलं नाही?”

“खुर्ची!” “बाई!” “खडूचा डबा!” “ओढणीचं टोक धरून बसलेली मी!”

बरोबर. चित्राला चौकट असते, आणि चौकटीबाहेर पुष्कळ काही राहून जातं. आता या चौकटीची गोष्ट मनात ठेवा आणि मी पुढं सांगते ते नीट ऐका. कारण हे आपल्या भागातलं आहे.

नांदेड जिल्ह्यात, अर्धापूर तालुक्यात पार्डी नावाचं गाव आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथं नदीवर काही मुली बुडू लागल्या. एजाज नदाफ या शाळकरी मुलानं पाण्यात उडी घेतली आणि दोघींना बाहेर काढलं. त्याला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. पुढं २०२० च्या फेब्रुवारीत कंधार तालुक्यातल्या घोडजला मन्याड नदीत तीन मुलं बुडत होती. कामेश्वर वाघमारे या मुलानं दोघांना वाचवलं. २०२१ साली त्याला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. दोघंही आपल्या मातीतले. ना मुखवटा, ना पाठीवर लाल कापड.

पुरस्काराच्या फोटोत पदक दिसतं, हसरा चेहरा दिसतो. पण चौकटीबाहेर काय राहिलं? घोडजला तीन मुलं होती आणि वाचली दोन. पार्डीलाही सगळ्यांना वाचवता आलं नाही. चित्रपटातला महावीर सगळ्यांना वाचवतो आणि आपण हसत घरी जातो. खरा शूर मुलगा दोघांना वाचवतो आणि जो हाती लागला नाही त्याचं दुःख त्याला, त्या घराला, साऱ्या गावाला राहतं. म्हणून त्याचं शौर्य कमी होतं का? मला तर ते जास्तच वाटतं. आपल्यालाही काही होऊ शकतं, हे ठाऊक असताना त्यानं हात पुढं केला. सुपरमॅनला कसली भीती? त्याला तर गोळीही लागत नाही!

आणि आणखी एक गोष्ट चौकटीबाहेर राहते, ती म्हणजे पोहायला शिकताना नाकातोंडात गेलेलं पाणी. खरी शक्ती गोल फिरून येत नाही. ती शिकावी लागते.

म्हणूनच बालमित्रांनो, आता मी जरा कडक आवाजात बोलणार आहे. या दोघांची गोष्ट वाचून तुम्ही पाण्यात उडी टाकायची नाही! बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो आणि मग दोघंही जातात. आमच्या वर्गानं एक ओळ पाठ केली आहे, तुम्हीही करा: आधी हाक, मग फेक, उडी मोठ्यांची.

हाक म्हणजे जिवाच्या आकांतानं ओरडून माणसं गोळा करा, फोन असेल तर ११२ लावा. फेक म्हणजे हाताला येईल ते टाका. दोर, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब. ओढताना काठावर पालथं झोपा, म्हणजे तुम्ही आत खेचले जाणार नाही. आणि पाण्यात उतरायचं काम पोहणाऱ्या मोठ्या माणसांचं.

काहीच नसलं तर? तेव्हा ओढणी चालते! २०२० च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टराई धरणावर चार मुलं बुडू लागली. काठावर तीन बायका होत्या. त्यांनी क्षणाचाही विचार न करता अंगावरच्या साड्या सोडल्या आणि पाण्यात फेकल्या. त्या धरून दोघं वर आले. दोघं मात्र गेले. “त्या माणसांना काहीच काम नसतंय का?” या प्रश्नाचं उत्तर त्या काठावर उभ्या असलेल्या तीन बायकांनी दिलं.

आमच्या वीराला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं गळ्यातली ओढणी सोडली, पीळ घातला, एक टोक मैत्रिणीच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः ओढून पाहिलं. “बाई, लई घट हाय की!” मग पूर्ण मधली सुट्टी आमच्या मैदानात एक मुलगा ‘बुडत’ होता आणि बाकीचे ओढण्या, दप्तराचे पट्टे फेकून त्याला ‘काठावर’ घेत होते. या खेळात “उड! उड!” म्हणायला कुणी मोकळं नव्हतं.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलांचे महावीर काढून घेऊ नका. आम्हाला शक्तिमान लागला, यांना स्पायडरमॅन लागेल. फक्त कधीतरी शेजारी बसून बघा आणि विचारा, “हे कसं केलं असेल रे?” आणि उन्हाळ्यात, विहिरीत असो की तलावात, पाठीला डबा बांधून, पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेखाली पोरांना पोहायला शिकवा. मुलींनासुद्धा, बरं का!

आता तुमचा गृहपाठ. आवडत्या महावीराचं एक चित्र काढा. पण अट अशी, की त्याच्याभोवती चौकट आखायची आणि चौकटीबाहेर जे जे राहिलं असेल, तेही काढायचं. तारा धरणारे, दोर फेकणारे, हाक ऐकून धावत आलेले. ज्याच्या चौकटीबाहेर सगळ्यात जास्त माणसं, त्याचं चित्र आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावू.

आमच्या वीरानं त्याचं चित्र कालच आणून दिलं. चौकटीत तो स्वतः उडतोय. चौकटीबाहेर शिडी आहे, आणि शिडीवर खिचडीवाल्या मावशी.

पुढच्या अंकात भेटूच. तोवर अच्छा!

तुमच्या,
बाई