हा धडा घरी वाचा!

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचे प्रकरण आले, की मराठवाड्यातल्या कितीतरी वर्गांत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘हा धडा सोपा आहे, घरी वाचा.’ सर फळ्याकडे तोंड करतात, पोरे खिदळतात, पोरी वहीत मान घालतात. संपला धडा.

घरी वाचा! कोणाच्या घरी? बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटच्या पंचक्रोशीत, अख्ख्या केज तालुक्यात, दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी टाकून उसाच्या मुलखाला निघतात. घराला कुलूप लागते, पोरगी आजीपाशी राहते. तिला पहिल्यांदा पाळी येते तेव्हा आई दूर कुठल्या फडात मोळ्या बांधत असते, आणि आजी म्हणते, ‘कावळा शिवला, बाजूला बस.’ आमचे लैंगिक शिक्षण एवढेच!

पुढचा पाठ थेट बोहल्यावर. ‘मागे पोरीला कोण सांभाळणार?’ ही आईबापाची भीती खरी आहे. तिची टिंगल आम्ही करणार नाही. पण त्यावर इलाज काय, तर पोर उजवून टाका! या लग्नामागे फडाचा हिशेबही असतो: फडात एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. पत्रिकेत जिच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ छापता, ती मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43 टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. राज्याचा आकडा 22 च्या आसपास, म्हणजे आमच्या निम्मा.

आणि मग ‘पिशवी’. गर्भाशयाला आम्ही नावही धड दिले नाही. पिशवी म्हणालो, जणू बाजाराची. जिला वयात येताना कोणी काही सांगितले नाही, तिला अंगावरून पांढरे जाते म्हणून डॉक्टरने सांगितले, ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल,’ तर तिने उलट काय विचारायचे? विचारायला शब्द तरी हवेत ना! बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशये काढली गेल्याचे 2019 मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले. नंतर सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. यात डॉक्टरांचा लोभ आहे, सुट्टी घेतली की मुकादम लावतो तो खाडा आहे, आणि आमची सभ्य, सोवळी चुप्पीही आहे.

या चुप्पीला धक्का देणारा माणूस याच महाराष्ट्रात होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यात त्यांचा गुन्हा कोणता? वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, हा! वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. दंड घेणारे राज्य गेले. पण 2007 साली शाळेत लैंगिक शिक्षण येताच आमच्याच विधिमंडळात आरडाओरड झाली आणि सरकारने ते थांबवले.

‘शिकवले तर पोरे बिघडतील’ म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: वरचे आकडे शिकवून आले, की न शिकवता? पोरांच्या हातात मोबाईल आहे, आणि त्यांचा मास्तर आज तोच आहे. बाईचे ‘नाही’ म्हणजे नाही, हे तो शिकवत नाही. अठराच्या आतल्या मुलीची संमती पोक्सो कायदा मानत नाही, हेही पोराला कळते ते हातात बेडी पडल्यावर. स्वतःच्या अंगाची लाज घेऊन वाढलेला मुलगा दुसऱ्याच्या अंगाचा मान कुठून ठेवणार? आम्हाला मुलींइतकीच मुलांची काळजी वाटते, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याशी बोलणारे घरात कोणीच नसते.

नांदूरघाटच्या गावकऱ्यांनो, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी ग्रामसभा घ्या. मुख्याध्यापकांना एवढेच विचारा, तो धडा कोणत्या तारखेला, कोणत्या तासाला शिकवणार? मुले-मुली एकाच वर्गात बसवा, आणि मागचे दोन बाक आईबापांसाठी मोकळे ठेवा.