रीत खोडू नका

गणिताच्या पेपरात कुणी नुसतं उत्तर लिहिलं, तर मी पूर्ण गुण कधीच दिले नाहीत. मुलं हुज्जत घालायची, "सर, उत्तर बरोबर आहे ना?" अरे बाबांनो, उत्तर बरोबर असतं तेव्हा रीत कुणाला हवी असते? ती लागते उत्तर चुकतं तेव्हा!

निवृत्तीनंतर हौसेनं लिनक्स आणि सी भाषा शिकलो, आणि हेच भांडण तिथेही चालू असल्याचं दिसलं. तिथे रीतीला 'डीबग सिम्बॉल्स' म्हणतात. आपण लिहितो त्या ओळी कंपायलर यंत्राच्या भाषेत नेतो. त्यातली कुठली सूचना कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीतून आली, कुठल्या जागी कुठलं चल आहे, याची नोंद म्हणजे ही माहिती. ती नसली तरी प्रोग्राम छान चालतो. कोलमडला की मात्र पंचाईत.

आमच्या वाचनालयात अशीच पंचाईत झाली होती. अनामत परत देताना कधीकधी पावती छापली जायची आणि हिशेबात नोंद व्हायच्या आत प्रोग्राम बंद पडायचा. पैसे गेलेले, नोंद नाही. तीन महिन्यांत १५०० रुपयांची तूट आली. ग्रंथपालबाईंनी ती मुकाट्यानं पदरची भरली, तरी समितीतल्या काहींच्या नजरा बदलल्याच. प्रोग्राम लिहिणारा मुलगा केव्हाच परदेशी गेलेला. सोर्स कोड होता, म्हणून आम्ही दोघं-तिघं बसलो. जीडीबी हा डीबगर उघडला, तर सिम्बॉल्स सापडले नाहीत असा त्याचा निरोप, आणि फंक्शनच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

अशा वेळी काय बघायचं? आधी 'फाइल' ही कमांड चालवून प्रोग्रामची प्रकृती विचारावी. 'नॉट स्ट्रिप्ड' असं उत्तर आलं म्हणून खूश होऊ नये. त्याचा अर्थ फंक्शनची नावं शिल्लक आहेत, एवढाच. ओळींची माहिती वेगळी असते, ती कंपायलरला '-जी' हा पर्याय दिला तरच तयार होते. सीमेक वापरत असाल तर बिल्डचा प्रकार बघा. 'रिलीज' असेल तर '-जी' नसतो. काहीच लिहिलं नसेल तरी तो आपोआप येत नाही. 'रेल-विथ-डेब-इन्फो' या प्रकारात वेगही मिळतो आणि माहितीही. साध्या मेकफाइलमध्ये पर्याय बदलला, तर जुन्या ऑब्जेक्ट फाइली पुसून सगळं पुन्हा बांधावं. नाहीतर जुनंच गळ्यात पडतं. एवढं करूनही माहिती गायब असेल तर इन्स्टॉल करणारी स्क्रिप्ट वाचावी. तिच्यात शेवटी 'स्ट्रिप' लपलेला असतो.

आमच्याकडे दोन्ही होतं, 'रिलीज'ही आणि 'स्ट्रिप'ही. दोन्ही बदललं. पण जुन्या पडझडीची कोअर फाइल काही कामाची राहिली नाही, कारण नव्यानं बांधलेला प्रोग्राम हा वेगळाच प्रोग्राम असतो. पुढची पडझड होईपर्यंत थांबावं लागलं. ती झाली आणि दहा मिनिटांत ओळ सापडली! ज्या सभासदानं एकही पुस्तक नेलेलं नाही, त्याचं 'शेवटचं पुस्तक' शोधायला प्रोग्राम रिकाम्या पॉइंटरकडे जात होता. बाईंचे पैसे समितीनं परत केले. त्या तीन महिन्यांचं काय करायचं, ते मात्र कुणाला सुचलं नाही.

सिम्बॉल्स काढून टाकणाऱ्यांची बाजूही मी ऐकली आहे. फाइल फुगते म्हणतात. फुगते खरी, पण डिस्कवर. ती माहिती प्रोग्राम चालताना मेमरीत चढवली जात नाही. वेग कमी होतो म्हणतात. जीसीसीत '-जी' आणि '-ओ२' सुखानं एकत्र नांदतात. ओळी थोड्या मागेपुढे दिसतात, काही चलांच्या किमती मिळत नाहीत, पण प्रश्नचिन्हांपेक्षा ते शतपटीनं बरं. आपलं गुपित बाहेर जाईल म्हणतात. हा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यावर तोडगाही आहे. 'ऑब्जकॉपी'नं ती माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढून घरी ठेवता येते. बिल्ड-आयडी या खुणेवरून नंतर जोडी जुळवता येते. विंडोजवर पीडीबी फाइल हेच काम करते. फक्त ती फाइल त्याच बिल्डची हवी, आणि तेव्हाच जपून ठेवलेली हवी.

म्हणून माझं मत सांगतो. दुसऱ्याच्या हाती द्यायचा प्रोग्राम सिम्बॉल्स न जपता बांधणं याला मी काटकसर म्हणणार नाही. आपल्या मागून येणाऱ्याचा विचार न करणं म्हणेन. लिहिणारा निघून जातो, चूक मागे राहते, आणि तिचा जाब भलत्याच माणसाला द्यावा लागतो. एक पर्याय लिहायला कितीसा वेळ लागतो?

असो. तुमच्या इन्स्टॉलच्या स्क्रिप्टमध्ये 'स्ट्रिप' आहे का, तेवढं आज बघून घ्या.