धर्म कुणी बुडवला?

अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाचा निकाल लागायला पावणेअकरा वर्षे गेली. पुण्याच्या न्यायालयाने १० मे २०२४ ला सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप ठोठावली, तिघांना सोडून दिले. गोळ्या झाडणारे दोघेही आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. एक शहरातल्या कापड दुकानात कामाला, दुसरा दौलताबादजवळच्या केसापुरीचा. दोघांची सामाजिक, आर्थिक स्थिती पाहता सूत्रधार दुसराच असला पाहिजे आणि पुणे पोलीस व सीबीआय यांना तो शोधता आला नाही, हे खुद्द न्यायालयाने म्हटले आहे. आमच्या जिल्ह्यातली पोरे जन्माची तुरुंगात गेली आणि त्यांचे कान भरणारे मोकळे राहिले.

कान भरताना सांगितले काय असेल? देव न मानणारा तो धर्मबुडवा, एवढेच. आपल्याकडे नास्तिक ही शिवीच आहे. देव मानत नाही म्हटले की त्याला नीती नाही, आईबापांची चाड नाही, हे लोक न विचारता धरून चालतात. आणि देव मानणारा तेवढ्यावरच सज्जन! सप्ताहात पहिल्या रांगेत टाळ वाजवणारा आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर शेतकऱ्याला नागवणारा व्यापारी वैजापुरात कुणी पाहिलाच नाही काय?

दाभोलकर स्वतः देव मानत नसत. पण त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवाविरुद्ध नव्हे, देवाच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध मोहीम चालवली. त्यांनी मागितलेल्या ज्या जादूटोणाविरोधी कायद्याला धर्मद्रोही ठरवले गेले, तो वाचण्याचे कष्ट किती जणांनी घेतले? यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. तरीही तो वर्षानुवर्षे अडवून ठेवला. २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि चार दिवसांत अध्यादेश निघाला. माणूस मेल्यावर सरकारला कायद्यातली निकड दिसली! धर्म तेव्हा बुडाला नाही, नंतरही बुडाला नाही. वारी चालूच आहे.

गोदावरीतल्या सराला बेटाच्या सप्ताहाला गावोगावच्या भाकरी येतात, हजारोंची पंगत बसते, कुणाला जात विचारून आमटी वाढत नाहीत. श्रद्धेची ही ताकद थट्टेवारी नेणाऱ्या शहरी नास्तिकांचाही आम्हाला कंटाळा आहे. मात्र थट्टेने कुणी मेलेला नाही. माणूस मारला तो धर्मरक्षणाच्या नावाने. त्याचा संताप सर्वांत आधी माळ घालणाऱ्याला यायला हवा. प्रश्न विचारणाऱ्याला गोळी घालण्याने कोणत्या देवाची सेवा झाली, हे आमच्या कीर्तनकारांनी व्यासपीठावरून विचारावे. फडावर उभे राहून समाजाचे कान उपटण्याचा त्यांचा हक्क जुना आहे. तो नेमका इथेच का विसरायचा?

निकालापाठोपाठच २०२४ च्या लोकसभेचे मतदान झाले. प्रचारात देवाधर्माच्या नावाने किती घसे कोरडे झाले! आपल्या जिल्ह्यातल्या पोरांच्या हाती पिस्तूल कुणी दिले, हे मात्र मते मागायला येणाऱ्यांना विचारावे लागेल. तिघांच्या सुटकेविरुद्ध सीबीआयने उच्च न्यायालयात गेलेच पाहिजे. कॉम्रेड गोविंद पानसरे आणि पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनांचे खटले या निकालाच्या वेळी चालूच होते. तिथेही फक्त हस्तकांवर भागवण्याची मुभा तपास यंत्रणांना देता कामा नये.