जादूचे चित्रपट आणि आमची मुले

उन्हाळ्याची सुटी लागली, की आमच्याकडे आईबापांची एक पृच्छा हटकून येते. मुले तासन् तास पडद्यापुढे बसतात. त्या पडद्यावर चेटकिणी, उडते गालिचे, जादूच्या कांड्या नि बोलणारी जनावरे यांची रेलचेल असते. ख्रिस्ती घरात हे पाहू द्यावे की देऊ नये?

या बाबतीत आमच्या घरांतून दोन टोकांच्या रीती आढळतात. काही वडीलधारी मंडळी 'जादू' हा शब्द कानी पडताच पडदा बंद करून मोकळी होतात. दुसऱ्या काही घरांत मुलाच्या हाती मोबाईल देऊन आई स्वयंपाकाला लागते आणि बाप शेतावर जातो. पोर काय पाहते याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. आमच्या मते दोन्ही रीती सारख्याच आळसाच्या आहेत. पहिलीत पाहण्याचे कष्ट वाचतात, दुसरीत विचारण्याचे.

ख्रिस्तसभेने चित्रपटांकडे कधी डोळेझाक केलेली नाही. पोप अकरावे पायस यांनी 1936 साली केवळ चित्रपट या एकाच विषयावर 'विजिलांती कूरा' हे परिपत्रक काढले, आणि पोप बारावे पायस यांनी 1957 साली 'मिरांदा प्रोर्सुस' या परिपत्रकात चित्रपटांबरोबर नभोवाणी व दूरचित्रवाणी यांचाही परामर्श घेतला. चित्रपटाने माणूस बिघडतो तसा घडतोही, हे दोन्ही पत्रांत मान्य केलेले आहे. जादूटोण्याचा मात्र 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट निषेध आहे, आणि त्याचे कारणही तेथे दिलेले आहे. गुप्त शक्तींना आपल्या दावणीला बांधावे आणि त्यांच्या जोरावर दुसऱ्यांवर सत्ता गाजवावी, ही वासना त्याच्या मुळाशी असते. हे कारण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ज्या चित्रपटांची शिफारस आम्ही करणार आहो, ते आम्ही याच कसोटीला लावून पाहिले आहेत.

येथे थोडे परखड बोलणे भाग आहे. पडद्यावरील कांडीने मुलाच्या आत्म्याला अपाय होईल म्हणून धास्तावणारे घर, तेच मूल तापाने फणफणले की काळोख पडल्यावर भगताच्या उंबऱ्याशी उभे असते, हे दृश्य आपल्या खेड्यांना अगदीच अपरिचित नाही. गळ्यात मंतरलेला ताईत, शेजारणीवर 'करणी'चा संशय, हा खरा जादूटोणा. त्यातील अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने 2013 साली व कर्नाटकाने 2017 साली कायदे केले. पडद्यावरची कांडी खोटी आहे, हे सात-आठ वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. भगताचा अंगारा मात्र त्याच्या कपाळी आईच्याच हाताने लागतो.

असो. आता प्रत्यक्ष चित्रपटांकडे वळू.

आमची पहिली शिफारस ऐंशी वर्षांहून जुन्या बोलपटाची आहे: 'द थीफ ऑफ बगदाद', 1940. त्यातील छोटा चोर अबू याचे काम करणारा मुलगा आपल्याच मुलखाकडचा. साबू या नावाने तो जगभर ओळखला गेला. 1924 साली म्हैसूर संस्थानात एका माहुताच्या घरी तो जन्मला, आणि 1937 च्या 'एलिफंट बॉय' या चित्रपटाने त्याला विलायतेस नेले. बगदादच्या चोराचे चित्रण इंग्लंडात सुरू झाले होते; महायुद्ध पेटल्यामुळे ते अमेरिकेत नेऊन पुरे करावे लागले. आजच्या मुलांना त्यातील करामती कदाचित साध्या वाटतील. परंतु त्या काळी छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि खास दृश्ये या तिन्हींसाठी त्याला ऑस्कर पारितोषिके मिळाली.

समुद्रकिनाऱ्यावर एकट्या पडलेल्या अबूला एक बाटली सापडते. बूच काढताच त्यातून डोंगराएवढा जिन्न बाहेर पडतो, आणि आपल्याला सोडविणाऱ्यालाच चिरडू पाहतो. पोरगा मोठा चलाख! एवढा थोरला देह एवढ्याशा बाटलीत मावलाच कसा, हे आपल्याला काही पटत नाही, असे तो म्हणतो. फुशारकीने जिन्न पुन्हा आत शिरतो आणि बूच घट्ट बसते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना यातील कोळी व राक्षस लगेच आठवतील. सुटकेच्या बदल्यात अबूला तीन वर मिळतात. राज्य मागता आले असते. पण पोर भुकेले आहे, म्हणून आपली आई करीत असे तसली तव्यावर तळलेली सॉसेजे तो मागतो. (गोव्याकडील वाचकांच्या तोंडाला चोरिसाच्या आठवणीने पाणी सुटले, तर दोष आमचा नाही.) शेवटला वर तर रागाच्या भरात जातो. मित्राशी भांडताना, हा बगदादेत असता तर बरे, असे अबूच्या तोंडून निघते, आणि मित्र तत्क्षणी बगदादेत, शत्रूच्या तावडीत जाऊन पडतो. रागात उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही, हे मुलांना आम्ही हजार वेळा सांगतो. येथे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. आणि अखेरीस, मित्र गादीवर बसल्यावर अबूला शाळेत घालून पुढे वजीर करण्याचा बेत जाहीर होतो, तेव्हा हा पठ्ठ्या गालिच्यावर बसून पसार होतो! सत्ता नाकारणारा नायक म्हणून आम्ही त्याचे कौतुक करतो. मुले त्याचे कौतुक शाळा चुकविल्याबद्दल करतील, याची आईबापांनी तयारी ठेवावी.

ज्याच्याविषयी सर्वांत अधिक विचारणा होते, तो हॅरी पॉटर. जे. के. रोलिंग यांच्या सात कादंबऱ्यांवरून 2001 ते 2011 या अवधीत आठ चित्रपट निघाले, आणि ख्रिस्ती लोकांत त्यांवरून बराच वाद झाला. 'लॉस्सेर्वातोरे रोमानो' या व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने 2008 साली अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही लेख छापले आणि 2009 साली सहाव्या चित्रपटाची प्रशंसा केली. वृत्तपत्रातील समीक्षा म्हणजे ख्रिस्तसभेची आज्ञा नव्हे, हे खरे. तथापि जे न पाहताच निर्णय देतात, त्यांनी निदान पहिला चित्रपट तरी नजरेखालून घालावा.

त्यात एक आरसा आहे. पाहणाराच्या अंतःकरणातील सर्वांत खोल इच्छा त्यात दिसते. पोरक्या हॅरीला त्यात आपले मेलेले आईबाप दिसतात, आणि तो रात्रीमागून रात्री त्या आरशापुढे जाऊन बसतो. अखेर मुख्याध्यापक त्याला तेथे गाठतात. या आरशापुढे बसून माणसे झिजून गेली आहेत, असे सांगून ते आरसा हलविण्याची व्यवस्था करतात. अंधारात एका चकचकीत चौकटीपुढे खिळून बसलेला तो मुलगा पाहून आम्हांला आरशापेक्षा मोबाईलचीच आठवण अधिक झाली. पुढे त्याच आरशात परीस दडविलेला असतो, आणि योजना अशी, की ज्याला तो मिळवावयाचा आहे पण वापरावयाचा नाही, त्यालाच तो मिळेल. अमर होऊ पाहणारा दुष्ट धडपडत राहतो, आणि परीस या अजाण पोराच्या खिशात येऊन पडतो. शेवटच्या चित्रपटात जगातील सर्वांत प्रबळ कांडी हॅरीच्या हाती येते, तेव्हा तो ती मोडून दरीत फेकून देतो. पुस्तकात हा प्रसंग निराळा आहे. आम्हांला चित्रपटातलाच अधिक पटला. मात्र चौथ्या चित्रपटापासून, म्हणजे 2005 च्या, कथेवर मृत्यूची छाया दाट होत जाते. दहा वर्षांखालील मुलांनी पहिल्या तिहींवरच थांबावे.

आपल्या देशातही या तोडीचे काम झाले आहे, हे पुष्कळांच्या गावी नसते. सत्यजित राय यांनी आपले आजोबा उपेंद्रकिशोर यांच्या कथेवरून 1969 साली 'गूपी गाइन बाघा बाइन' हा बंगाली चित्रपट काढला, तो आपल्या लहानग्या मुलाच्या हट्टाखातर. सुरांचा गंध नसलेला एक गवई आणि तसलाच एक ढोलक्या, दोघेही गावातून हाकलले गेलेले. जंगलात भुतांचा राजा प्रसन्न होऊन त्यांना तीन वर देतो: हवे तेव्हा अन्नवस्त्र, हवे तेथे नेणारे जोडे, आणि ऐकणारा जागच्या जागी थिजून जाईल असे गाणे. गंमत अशी, की अन्नवस्त्र मिळावे वा प्रवास घडावा यासाठी दोघांनी एकमेकांच्या हातावर हात मारून टाळी द्यावी लागते. एका हाताने टाळी वाजत नाही, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी झाली आहे! दोन राज्यांत युद्ध जुंपणार असते. उपाशी सैनिक रणांगणाकडे निघालेले असतात. आणि हे दोघे आपली सारी जादू कशासाठी खर्च करतात? आकाशातून मिठाईची मडकी उतरतात, सैनिक शस्त्रे टाकून मिठाईकडे धावतात, आणि युद्ध तेथल्या तेथे मिटते. सबंध चित्रपट काळा-पांढरा असून अखेरचा भाग तेवढा रंगीत आहे. भाषा बंगाली म्हणून कोणी मागे हटू नये. लहान मुले पहिल्या पाव तासानंतर भाषा विसरतात, असा आमचा अनुभव आहे.

'नार्निया'चा पहिला चित्रपट 2005 साली निघाला. त्याविषयी आमच्या वाचकांना फार सांगण्याची गरज नाही, कारण सिंहरूपी अस्लान दुसऱ्याच्या अपराधासाठी आपला प्राण देतो आणि पुन्हा जिवंत होतो, हे पाहताच घरातील लहानसे मूलही कोणाची गोष्ट चालली आहे हे ओळखते. आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते एडमंडकडे. मिठाईच्या लोभाने या मुलाने आपल्या भावंडांचा विश्वासघात केलेला असतो. लढाईत चेटकिणीची कांडी मोडतो कोण? शूर थोरला भाऊ नव्हे, तर हाच एडमंड, आणि तो तेथे प्राणघातक जखमी होतो. घरोघरी एखादा एडमंड असतोच. त्याच्या शेजारी बसून हा चित्रपट पाहावा.

जपानचे हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे', 2001, हा चित्ररूप चित्रपट आम्हांला या सर्वांत हृद्य वाटला. दहा वर्षांच्या चिहिरोचे आईबाप दुसऱ्यांसाठी मांडलेल्या अन्नावर न विचारता ताव मारतात आणि त्यांची डुकरे होतात. ती देवभुतांच्या एका प्रचंड स्नानगृहात अडकते. तेथली मालकीण चेटकीण तिचे नावच हिरावून घेते, आणि जो काम करील तोच तेथे टिकतो. मग ही मुलगी फरशा घासते. चिखलाने लडबडलेला एक पाहुणा येतो, तेव्हा सगळे नाक धरून पळतात. ती त्याला न्हाऊ घालते, त्याच्या अंगात रुतलेली सायकल ओढून काढते, त्यामागोमाग केरकचऱ्याचा डोंगर बाहेर पडतो, आणि कळते, की ही तर एक नदीच होती! तिला बक्षीस म्हणून औषधाचा एक गोळा मिळतो. आईबापांना पुन्हा माणसे करण्यासाठी तो जपून ठेवावा, असे तिच्या मनात असते. परंतु त्यातला अर्धा ती जखमी सोबत्याला देते आणि उरलेला, सर्वांना गिळत सुटलेल्या एका एकाकी भुताला. तेच भूत तिला ओंजळीने सोने देऊ करते, तेव्हा ती नको म्हणते. स्नानगृहातील थोर माणसे त्याच सोन्यासाठी जमिनीवर लोळण घेत असतात. यातील देवदेवता जपानी लोककथांतल्या आहेत, एवढे मुलांना आधी सांगून ठेवले म्हणजे पुरे. चांदोबातील वेताळ वाचून आमच्या पिढीचे कोणी वेताळाचे भक्त झाले नाही.

दोन नावांविषयी मात्र सावध करणे अवश्य आहे. 'तुंबाड', 2018, हे आपल्या कोकणातील नाव पाहून कोणी मुलांसह बसू नये. लोभाचा नाश दाखविणारी ती कथा समर्थ आहे, पण भीषण आहे, आणि केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेली आहे. तीच गोष्ट 'पॅन्स लॅबिरिन्थ', 2006, या स्पॅनिश चित्रपटाची. नायिका लहान मुलगी आहे एवढ्यावरून चित्रपट लहानांचा ठरत नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी पीटर जॅक्सन यांचे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन भाग आहेत, 2001 ते 2003. मूळ कथाकार टॉल्कीन हे आपल्याच पंथाचे. बापाचे छत्र आधीच गेलेले, बारा वर्षांचे असताना 1904 साली आई वारली, आणि बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीमधील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्यांचा सांभाळ केला. त्यांच्या पुस्तकात सत्तेची ती शापित अंगठी नष्ट होते, तो दिवस 25 मार्च आहे. त्या तारखेला देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाचा सण असतो, हे सांगावयास नको. अंगठी अग्नीत टाकावयास निघालेला फ्रोडो वयाने मूल नाही, पण अंगाने मुलाएवढाच आहे. आणि ऐन कड्यावर उभा राहिल्यावर त्याला ती टाकवत नाही! ती त्याच्या हातून हिसकावून घेतो तो गोलम, ज्याला ठार करण्याची संधी येऊनही पूर्वी दया करून सोडलेले असते. आणि अंगठीसह अग्नीत पडतो तोही तोच.

हा चित्रपट संपल्यावर मुले वाद घालतात, की अंगठी मग नष्ट केली कोणी, फ्रोडोने की गोलमने? वडील मंडळींनी उत्तर देण्याची घाई करू नये. पहिल्या भागात, अंधाऱ्या खाणीत वृद्ध गॅंडाल्फ फ्रोडोला गोलमवरील दयेविषयी सांगतो, तो प्रसंग पुन्हा एकदा लावावा, आणि मुलांनाच बोलू द्यावे.