डिस्चार्ज मिळाला, पुढे?

थंडी पडली, उसाचे गाळप सुरू झाले की राहुरीच्या वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसे रात्र बसून काढतात. आडवे झाले की दम लागतो. घरचे म्हणतात ‘दमा आहे’, डॉक्टर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांचा जुनाट आजार, लिहितात. चार दिवस ऑक्सिजन, वाफ, सलाईन, मग घर. महिना सरत नाही तोच पुन्हा खाट.

असे का होते, ते एक्स-रेत दिसत नाही.

हा आजार फक्त विडी ओढणाऱ्यांचा नव्हे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिले, त्यात चुलीच्या धुराचे कारण ठळक होते. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघर पोचला. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की तुराट्या-पळकाट्या आहेतच. जन्मभर फुंकणी फुंकलेली आजी दवाखान्यातून सुटते ती त्याच चुलीपुढे बसायला. बाहेर कुणीतरी पाचट पेटवलेले असते. पाचट जाळू नका, शेतातच कुजवा, हे राहुरीचेच कृषी विद्यापीठ सांगत आले आहे!

जनआरोग्य योजनेत खाटेवरचा उपचार मोफत होतो. खाट टाळणारा पंप, म्हणजे इनहेलर, मात्र महिनोन् महिने बहुतेकांना विकतच आणावा लागतो. मग दोनदा ओढायचा तो एकदाच ओढला जातो. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती वेगळीच. खाट मोफत आणि पंप विकत, हा कारभार मला उलटा वाटतो.

घरी जायची वेळही घरची परिस्थितीच ठरवते. कुणी दम पुरता बसायच्या आत घरी निघते, कारण शेरडं कोण बघणार, सोबतच्याचा रोज किती बुडवणार? कुणाचे नातेवाईक ‘अजून दोन दिवस ठेवा’ म्हणून हात जोडतात. मुलगा कंपनीत कामाला, वस्तीवर विजेचा भरवसा नाही, ऑक्सिजनचे मशीन चालणार कसे?

ग्रामीण रुग्णालयात इनहेलर बारमाही मोफत मिळालाच पाहिजे. डिस्चार्ज देताना स्वयंपाक कशावर होतो आणि पंप कोण आणणार, एवढे विचारले जावे. आशाताईंनी आठवड्याच्या आत घरी डोकावावे, त्याचा मोबदला त्यांना मिळावा.

तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर पुढच्या तपासणीला पंप सोबत न्या आणि रुग्णाला तो डॉक्टरांसमोर ओढून दाखवायला सांगा; नीट ओढला जातो का, ते कळेल.