गॅरेजमधून : हँडल वळलं की दिवा जातो!

मंडळी, वसंत आला की हिवाळाभर झाकून ठेवलेल्या मोटरसायकली बाहेर निघतात आणि माझा फोन वाजू लागतो. "नवी बॅटरी टाकली, तरी दिवा मध्येच जातो!" या दुखण्याची माझीच गोष्ट सांगतो.

माझी गाडी १९७८ची. गेल्या सप्टेंबरात मुलीला मागे बसवून रात्री परतत होतो. हायवे सोडून सिग्नलला उजवीकडे वळलो आणि हेडलाइट गेला. समोर मिट्ट काळोख. हँडल सरळ झालं तसा परत आला. दोन सेकंदांचाच खेळ, पण घर येईपर्यंत पोरीने माझं जॅकेट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन बसलो. आधी बॅटरी. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. इंजिन चार हजार फेऱ्यांवर असताना १४.२, म्हणजे चार्जिंगही ठीक. मग अर्थ. दिवे लावून मीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली. आकडा ०.२च्या आत हवा, माझा ०.६! अर्थच्या बोल्टखाली गंज होता. पॉलिश पेपरने घासला, आकडा ०.१वर आला. म्हटलं, जिंकलो. हँडल वळवलं, तर दिवा पुन्हा गुल!

तेव्हा बाबा आठवले. साताऱ्यात आमच्या राजदूतचं वायरिंग ते एका बल्बला दोन वायरी जोडून तपासत. म्हणायचे, "वायर जिथे हलते, तिथेच तुटते." हेडलाइटच्या वायरी हँडलच्या मानेपाशी दर वळणाला वाकतात. दिवा लावून, हँडल फिरवत एकेक वायर चाचपली. एक दाबली की दिवा लागे. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं!

बॅटरीची अर्थची वायर आधी काढली, मग खराब तुकडा कापून नवा जोडला. सांधे वाकणाऱ्या जागेपासून दूर घेतले, वायरीला थोडी ढील ठेवली. खर्च किरकोळ.

दोन सूचना. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते. आणि अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक अर्थला असतं, तेव्हा बॅटरी जोडण्याआधी खात्री करा.

परवा मुलीने आपणहून हेल्मेट उचललं. मी काही बोललो नाही, किक मारली.